‘डिस्कस अबाउट’ चूक, तर ‘डिस्कशन अबाउट’ बरोबर कसं?

प्रश्न असा आहे: इंग्रजी क्रियापदांपुढे येणारे ‘टू’, ‘ऑन’, ‘विथ’, ‘अप’ यांच्या याद्या पाठ केल्या, तरी बोलताना नेमकं चुकतंच. ‘टॉक अबाउट’ चालतं आणि ‘डिस्कस अबाउट’ चालत नाही, याला काही सूत्र आहे की नुसती घोकंपट्टी?

बऱ्याच भागाला सूत्र आहे. ते इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही, कारण चुकीचं मूळ मराठीच्या घडणीत आहे आणि ती पुस्तकं मराठी माणसासाठी लिहिलेली नसतात.

आधी लिपीची एक अडचण. देवनागरीत दोन वेगळे इंग्रजी शब्द ‘ऑफ’ असेच लिहिले जातात. एक ‘चा-ची-चे’च्या अर्थाचा आणि दुसरा ‘बंद, सुटं, अलग’ या अर्थाचा. पहिल्याचा शेवट ‘व्ह’ने होतो, आणि वाक्यात तर तो नुसता ‘अव्ह’ ऐकू येतो. आपण दोन्हीकडे ‘ऑफ’ म्हणतो, म्हणून कानालाही फरक पटत नाही. इथे पहिल्याला ‘ऑव्ह’ आणि दुसऱ्याला ‘ऑफ’ लिहितो.

आता मूळ मुद्दा. मराठीत पुष्कळ क्रिया आपण एका शब्दात सांगत नाही. नाम घेतो आणि त्याला ‘करणे’, ‘देणे’, ‘घेणे’ जोडतो. चर्चा करणे, लग्न करणे, टीका करणे, हल्ला करणे, भर देणे, भेट देणे, प्रवेश करणे. ‘लग्न केलं’ यात कर्माची जागा ‘लग्न’ या नामाने आधीच अडवलेली असते. मग ज्याच्याशी लग्न झालं त्या माणसाला प्रत्यय लावूनच वाक्यात यावं लागतं: त्याच्याशी. तसंच विषयावर चर्चा, सरकारवर टीका, मुद्द्यावर भर, खोलीत प्रवेश.

इंग्रजीत यांची सुटसुटीत एकशब्दी सकर्मक क्रियापदं आहेत. ‘मॅरी’, ‘डिस्कस’, ‘क्रिटिसाइज’, ‘अटॅक’, ‘एम्फसाइज’, ‘व्हिजिट’, ‘एंटर’. कर्माची जागा मोकळी असते, म्हणून माणूस किंवा वस्तू थेट तिथे बसते: ‘शी मॅरीड हिम’, ‘वी डिस्कस्ड द बजेट’, ‘ही एंटर्ड द रूम’. मराठीतला ‘शी’, ‘वर’, ‘त’ सोबत नेला की ‘मॅरीड विथ हिम’, ‘एम्फसाइज्ड ऑन’, ‘एंटर्ड इन्टू द रूम’ तयार होतात.

पण त्याच क्रियापदाचं इंग्रजी नाम घेतलं की इंग्रजीही मराठीसारखीच वागू लागते. नामाला कर्म घेता येत नाही, त्याला जोडायला शब्द लागतोच. म्हणून ‘डिस्कस द बजेट’ पण ‘अ डिस्कशन अबाउट द बजेट’. ‘व्हिजिट गोवा’ पण ‘अ व्हिजिट टू गोवा’. ‘आन्सर द क्वेश्चन’ पण ‘द आन्सर टू द क्वेश्चन’. ‘अटॅक द फोर्ट’ पण ‘ॲन अटॅक ऑन द फोर्ट’. ‘रिझेम्बल हर मदर’ पण ‘अ रिझेम्ब्लन्स टू हर मदर’. हॉटेलात वेटरला सांगताना ‘वी ऑर्डर्ड टू टीज’ (इथला ‘टू’ म्हणजे दोन), मध्ये ‘फॉर’ नाही. ‘फॉर’ येतो तो ‘ॲन ऑर्डर फॉर टू टीज’मध्ये. ‘रिक्वेस्ट’, ‘डिमांड’, ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट ऑन’, सगळे याच वाटेने जातात. शब्द तोच राहिला तरी क्रियापद आहे की नाम, हे आधी ठरवायचं. अर्ज-पत्रांमधल्या चुका या एका तपासणीने झपाट्याने कमी होतात.

मग ‘टॉक अबाउट’ का चालतं? कारण ‘टॉक’ मुळात अकर्मक आहे, मराठी ‘बोलणे’सारखंच. अशा क्रियापदाला जोडशब्द हवाच, आणि तो नामातही सहसा तोच राहतो: ‘डिपेंड ऑन’ आणि ‘डिपेन्डन्स ऑन’, ‘ऑब्जेक्ट टू’ आणि ‘ऑब्जेक्शन टू’, ‘इन्सिस्ट ऑन’ आणि ‘इन्सिस्टन्स ऑन’, ‘सक्सीड इन’ आणि ‘सक्सेस इन’. इथे जोडी एकदाच शिकावी लागते.

अपवाद दोन-चारच, पण कामाचे. ‘एंटर इन्टू’ बरोबर असतं ते करार, वाटाघाटी यांच्याबाबत. ‘अटेंड द मीटिंग’ म्हणजे बैठकीला हजर राहणं, तर ‘अटेंड टू द पेशंट’ म्हणजे रुग्णाकडे लक्ष देणं. ‘आन्सर’ला ‘टू’ नको, पण ‘रिप्लाय’ आणि ‘रिस्पॉन्ड’ना हवा, ते अकर्मक आहेत.

उलट दिशेची चूकही होते. ‘गाणं ऐक’ यात मराठीत प्रत्यय नाही, म्हणून ‘लिसन म्युझिक’. ‘माझी वाट बघ’मधला ‘माझी’ षष्ठीचा, त्याला इंग्रजीत प्रतिशब्दच सुचत नाही, म्हणून ‘वेट मी’. इथे ‘लिसन टू’, ‘वेट फॉर’ हे एकच शब्द आहेत असं समजून तोंडात बसवायचे. ‘हिअर’ला मात्र ‘टू’ नको, कारण कानावर पडणं वेगळं आणि कान देणं वेगळं.

सर्वांत जास्त घोळ ‘ला’ घालतो. त्याला सांग: ‘टेल हिम’. त्याला समजावून सांग: ‘एक्सप्लेन इट टू हिम’. त्याला हसू नको: ‘डोन्ट लाफ ॲट हिम’. पुण्याला गेलो: ‘वेंट टू पुणे’. पुण्याला पोहोचलो: ‘रीच्ड पुणे’ किंवा ‘अराइव्ह्ड इन पुणे’. एकाच ‘ला’ची इतकी रूपं असल्यावर प्रत्ययावरून इंग्रजी शब्द ठरवता येणार नाही, तो क्रियापदावरूनच ठरतो.

त्यातही ‘एक्सप्लेन मी’ आणि ‘सजेस्ट मी अ गुड डॉक्टर’ ही वाक्यं रोज ऐकू येतात. ‘टेल’, ‘गिव्ह’, ‘शो’, ‘सेंड’, ‘टीच’, ‘आस्क’, ‘लेंड’ ही क्रियापदं माणसाला थेट घेतात. ‘एक्सप्लेन’, ‘सजेस्ट’, ‘डिस्क्राइब’, ‘मेन्शन’, ‘रिपोर्ट’, ‘अनाउन्स’, ‘से’ ही माणसापूर्वी ‘टू’ मागतात. पहिला गट बहुतेक जुन्या इंग्रजी शब्दांचा आणि दुसरा लॅटिन घराण्याचा, ‘से’ वगळता. हा कल आहे, नियम नव्हे: ‘प्रॉमिस’ आणि ‘ऑफर’ लॅटिन असूनही पहिल्या पंगतीत बसतात. डॉक्टरबद्दल विचारताना ‘सजेस्ट’च्या वाटेला न जाता ‘कॅन यू रेकमेंड अ गुड डॉक्टर?’ म्हणावं. ‘मी’ शब्दच गळतो आणि अडचणही.

‘टू’ आणि ‘ॲट’मध्ये निवड करायची वेळ आली तर एक खूण उपयोगी पडते. ‘टू’ म्हणजे घेणारा, ‘ॲट’ म्हणजे नेम. ‘थ्रो द बॉल टू हिम’ म्हणजे त्याने झेलावा म्हणून, ‘थ्रो इट ॲट हिम’ म्हणजे त्याला लागावा म्हणून. ‘शाउट टू हिम’ म्हणजे लांब आहे म्हणून हाक मारणं, ‘शाउट ॲट हिम’ म्हणजे खेकसणं. ‘लाफ’, ‘स्टेअर’, ‘पॉइंट’, ‘एम’ यांच्या नशिबी ‘ॲट’ का, हे त्यावरून कळतं.

‘शी’चं भाषांतर आपण डोळे मिटून ‘विथ’ करतो. भांडण, स्पर्धा, वाद यांत ते जुळतं. ‘ॲग्री’ला मात्र तीन दारं आहेत: माणसाशी किंवा मताशी ‘विथ’, समोरून आलेल्या प्रस्तावाला ‘टू’, आणि दोन्ही बाजूंनी मिळून ठरवलेल्या तारखेला किंवा किमतीला ‘ऑन’.

आता दुसरा प्रकार, आणि इथे लोक खरे घाबरतात: ‘टर्न ऑफ’, ‘गिव्ह अप’, ‘पुट ऑफ’. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय, की परभाषकांना इंग्रजीत सर्वांत मोठी अडचण या जोड्यांची येते.

मराठी ‘वर’ हा शब्द घ्या. ‘टेबलावर’मध्ये तो शब्दयोगी अव्यय आहे, नामाला चिकटलेला. ‘वर बघ’मध्ये तो क्रियाविशेषण अव्यय आहे, त्याचा संबंध ‘बघ’शी. इंग्रजीत ‘अप’, ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘डाउन’ यांची अशीच दोन रूपं आहेत. फक्त चिकटलेलं दिसत नाही, म्हणून ओळखू येत नाहीत. ‘ही रॅन अप द हिल’मध्ये ‘अप’ टेकडीचा आहे: टेकडीवर धावला. ‘ही रॅन अप अ बिल’मध्ये ‘अप’ धावण्याचा आहे, आणि दोन्ही मिळून अर्थ होतो उधारी चढवली. वरून वाक्यं जुळी दिसतात.

ओळखायची कसोटी एकच पुरते. नामाच्या जागी ‘इट’ घाला. टेकडीचं होतं ‘रॅन अप इट’. बिलाचं होतं ‘रॅन इट अप’. क्रियाविशेषण असेल तर सर्वनाम मध्ये शिरतंच: ‘टर्न इट ऑफ’, ‘पिक देम अप’, ‘कॉल मी बॅक’. ‘टर्न ऑफ इट’ हे इंग्रजीच्या कानाला ठार चुकीचं. शब्दयोगी असेल तर ते मध्ये शिरू शकत नाही: ‘लुक ॲट इट’, ‘वेट फॉर मी’. पूर्ण नाम असेल तर क्रियाविशेषणाच्या जोडीत दोन्ही चालतं, ‘टर्न ऑफ द लाइट’ आणि ‘टर्न द लाइट ऑफ’. नाम लांबलचक असलं तर ते मध्ये कोंबू नये, ऐकणारा ‘ऑफ’ची वाट बघत थकतो. दुसरी खूण आघाताची: ‘टर्न इट ऑफ’मध्ये जोर ‘ऑफ’वर येतो, ‘लुक ॲट इट’मध्ये ‘लुक’वर, आणि ‘ॲट’ जवळजवळ गिळला जातो.

अर्थ कसा बदलतो, हे मराठी माणसाला नवं वाटायचं कारण नाही. एका ‘हृ’ धातूपासून प्रहार, आहार, विहार, संहार, परिहार झालेले आपण सहज वापरतो. तिथे उपसर्ग पुढे चिकटतो, इथे तोच मागे सुटा उभा राहतो. याहून जवळचं साम्य आपल्या संयुक्त क्रियापदांशी आहे. ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यांत जो फरक, तोच ‘ईट’ आणि ‘ईट अप’मध्ये: क्रिया तडीस गेली, काही उरलं नाही. ‘टिअर अप’ फाडून टाकणं, ‘यूज अप’ वापरून संपवणं. ‘गिव्ह अवे’ देऊन टाकणं. ‘ऑन’चं काम ‘त राहणे’ करतं: ‘गो ऑन’, ‘कॅरी ऑन’, ‘रीड ऑन’. ‘आउट’मध्ये पुष्कळदा ‘काढणे’ असतं: ‘फाइंड आउट’ म्हणजे माहिती शोधून काढणं. म्हणूनच हरवलेली किल्ली मिळाली तर ‘आय फाउंड माय की’, त्यात ‘आउट’ येत नाही. वस्तू सापडते, शोधून काढली जाते ती माहिती. पण हे साम्य ताणू नका. कागद ‘बर्न्स अप’ आणि घर ‘बर्न्स डाउन’, दोन्ही जळून खाकच होतात. घराच्या बाबतीत इंग्रजीला कोसळणं दिसतं.

एक कुटुंब नीट उलगडून पाहू, रोजच्या व्यवहारातलं: ‘पे’. नुसत्या ‘पे’नंतर तीनच गोष्टी येतात: माणूस, रक्कम किंवा देणं म्हणजे बिल, फी, भाडं, कर. ज्या वस्तूचे पैसे दिले तिच्याआधी ‘फॉर’. शिंप्याला शर्टाचे दोनशे रुपये दिले, तर ‘आय पेड द टेलर टू हंड्रेड रुपीज फॉर द शर्ट’. म्हणून ‘पे द बिल’ आणि ‘पे फॉर द मील’. ‘पे फॉर द बिल’ ही या दोघांची खिचडी. ‘पे बॅक’ म्हणजे उसने घेतलेले परत करणं. ‘पे ऑफ’ म्हणजे कर्ज फेडून मोकळं होणं, इथे ‘ऑफ’मधला ‘सुटणं’ हा अर्थ स्वच्छ दिसतो. हप्ता भरणं हे ‘पे ऑफ’ नव्हे, शेवटचा हप्ता भरल्यावर ते होतं. ‘पे अप’ म्हणजे टाळाटाळ करणाऱ्याने अखेर खिशात हात घालणं. विमा कंपनी दाव्याचे पैसे देते ते ‘पे आउट’. आणि कर्म नसताना ‘द हार्ड वर्क पेड ऑफ’ म्हणजे मेहनत फळाला आली.

तीन शब्दांच्या जोड्यांत, ‘पुट अप विथ’, ‘रन आउट ऑव्ह’, ‘लुक फॉरवर्ड टू’, शेवटचा शब्द शब्दयोगी असतो, त्यामुळे ‘इट’ नेहमी टोकाला. ‘लुक फॉरवर्ड टू मीट यू’ ही ईमेलमधली नेहमीची चूक याच माहितीने सुटते. हा ‘टू’ क्रियापदाचा नाही, शब्दयोगी आहे, म्हणून पुढे ‘मीटिंग’. शंका आली तर पुढे ‘इट’ लावून पाहा: ‘आय लुक फॉरवर्ड टू इट’ जमतं, म्हणून ‘इंग’. ‘आय वॉन्ट टू इट’ जमत नाही, म्हणून साधं रूप.

प्रश्नार्थक वाक्यात आणखी एक घसरण होते. ‘कशाकडे बघतोस?’ यात ‘कडे’ प्रश्नालाच चिकटलेला असतो, त्यामुळे वाक्य संपलं की आपलं काम संपतं. इंग्रजीत तो शेवटी एकटा उरतो: ‘व्हॉट आर यू लुकिंग ॲट?’ तो विसरला जातो. ‘राहायला घर’ म्हणजे ‘अ हाउस टू लिव्ह इन’, ‘लिहायला पेन’ म्हणजे ‘अ पेन टू राइट विथ’, ‘लिहायला कागद’ म्हणजे ‘पेपर टू राइट ऑन’. घरात राहतो, पेनाने लिहितो, कागदावर लिहितो, असं मनात पूर्ण वाक्य केलं की शेवटचा शब्द आपोआप हाती लागतो.

भारतीय इंग्रजीत रुळलेल्या काही जोड्या इथे सगळ्यांना कळतात, बाहेर गोंधळ करतात. ‘आय पास्ड आउट इन २०१५’ याचा अर्थ लंडनमध्ये किंवा न्यूयॉर्कमध्ये ‘बेशुद्ध पडलो’ असाच घेतला जाईल; तिथे ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणावं. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतली ‘पासिंग आउट परेड’ मात्र अस्सल ब्रिटिश लष्करी प्रयोग आहे, ती बरोबरच. फॉर्म ब्रिटनमध्ये ‘फिल इन’ करतात, अमेरिकेत ‘फिल आउट’. ‘फिल अप’ करायची ती पेट्रोलची टाकी. ‘कोप अप विथ’मधला ‘अप’ काढून टाका, तसाच ‘रिटर्न बॅक’मधला ‘बॅक’. बसमधून ‘गेट डाउन’ न होता ‘गेट ऑफ’ व्हायचं. ज्या वाहनात उभं राहता येतं किंवा ज्यावर टांग टाकून बसतात, त्याला ‘ऑन’ आणि ‘ऑफ’: बस, ट्रेन, विमान, सायकल, घोडा. वाकून आत बसायचं असेल तर ‘इन’ आणि ‘आउट ऑव्ह’: कार, टॅक्सी, रिक्षा.

यातल्या बऱ्याच जोड्या मराठीत नामं होऊन आधीच नांदताहेत: ब्रेकअप, चेकअप, मेकअप, बॅकअप, फॉलोअप, सेटअप, टेकऑफ. नाम असताना ती एक शब्द आणि आघात पहिल्या भागावर. क्रियापद झाली की दोन शब्द आणि जोर दुसऱ्यावर. कामाच्या ईमेलमध्ये ‘प्लीज बॅकअप द फाइल्स’ असं जोडून लिहिलेलं दिसतं. तिथे ‘बॅक अप’ तोडून हवं. अर्थही तपासून घ्या. डॉक्टर रुग्णाला ‘चेक अप’ करत नाहीत, ‘एक्झॅमिन’ करतात. ‘चेक अप ऑन समबडी’मध्ये पाळत ठेवल्याचा वास येतो.

कुठे कोणता शब्द शोभतो, हे मराठी अंगवळणावरून ठरवता येतं. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणं, ‘पोस्टपोन’ म्हणजे स्थगित करणं. ‘लुक इन्टू’ म्हणजे लक्ष घालणं, ‘इन्व्हेस्टिगेट’ म्हणजे अन्वेषण करणं. जिथे मराठीत तत्सम शब्द वापराल, तिथे इंग्रजीत लॅटिन शब्द. पण चहा पिताना मित्राशी ‘आय शॅल टॉलरेट इट’ म्हटलं, तर ‘मी ते सहन करेन’ असं नाटकी वाटतं. तिथे ‘आय’ल पुट अप विथ इट’.

शिकताना ‘लुक’च्या वीस जोड्या एका बैठकीत घेऊ नका. सारखे दिसणारे शब्द एकमेकांना पुसतात. त्याऐवजी एक प्रसंग घ्या, म्हणजे जोड्या क्रमाने येतात. फोनचा घ्या: ‘होल्ड ऑन’ थांबा, ‘पुट मी थ्रू टू अकाउंट्स’ मला हिशेब विभागाकडे जोडून द्या, ‘वी गॉट कट ऑफ’ मध्येच तुटला, ‘कॉल मी बॅक’, ‘डोन्ट हँग अप’. वहीत जोडी नुसती न लिहिता रिकाम्या जागेसह लिहा: ‘पुट समबडी थ्रू’, ‘लुक आफ्टर समबडी’. ‘समबडी’ मध्ये आहे की शेवटी, यातच निम्मं व्याकरण आलं. विद्यार्थ्यांसाठीच्या ऑक्सफर्ड शब्दकोशात दोन्ही जागा चालणाऱ्या जोडीत दुटोकी बाण छापलेला असतो. तो वहीतही काढा.

आणि सराव मोठ्याने करा. ‘पिक अप द पार्सल’ म्हणा, लगेच ‘पिक इट अप’. ‘पुट ऑन द हेल्मेट’, ‘पुट इट ऑन’. ‘वेट फॉर द बस’, ‘वेट फॉर इट’. रोज दहा जोड्या, दोन्ही प्रकार मिसळून, म्हणजे ‘इट’ची जागा जिभेला कळते. भराभर म्हणताना ‘पिकिटप’, ‘पुटिटॉन’ असं एकसंध ऐकू येऊ लागेल. पडद्यावरच्या संवादात तुम्हाला न कळलेले कितीतरी ‘अवघड शब्द’ म्हणजे हेच तीन सोपे शब्द असतात, एका श्वासात बोललेले.